उपडं ताट

"काकू, हे बघा. शितालासुद्धा हात लावलेला नाही."

ताईने भरलेलं ताट ओट्यावर ठेवलं. भात वाळून कडक झाला होता, डाळीवर साय धरली होती. काकूंनी ताटाकडे पाहिलं आणि मग दारातून बाहेरच्या खोलीत. टेबलाशी तिघं जण जेवत होते. चौथा भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात सदऱ्याखाली लपवून, चुकून कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखा.

"पाहुणा आहे तो," टेबलावरून आजी म्हणाली. "पाहुण्याला आग्रह करावा लागतो. करा आग्रह."

"किती करायचा, आजी? सकाळी घास भरवायला गेले तर तोंड फिरवलं त्याने."

"मग? तू घास पुढे करतेस तो औषध पाजल्यासारखा. मी पण फिरवलं असतं."

आजीच्या शेजारी बसलेल्या गृहस्थाने घसा साफ केला. त्याला सगळे रेडिओ म्हणत. "ठळक बातम्या," तो म्हणाला. "पाहुणा आजही जेवला नाही. हवामान कोरडं राहील." पलीकडे बसलेली छोटी तोंडावर हात घेऊन हसली. छोटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे. पण टेकडीवर ती लहानपणी आली आणि तेव्हाचं नाव तसंच राहिलं.

ताई हसली नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून घेत ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, पुढच्या आठवड्यात योजनेच्या मॅडम येणार आहेत. वजनाचा काटा घेऊन येतील. त्याचं असंच राहिलं तर त्या म्हणतील, याला घर मानवत नाही, याला परत पाठवा. आणि हा गेला की राहिले तीन. तिघांच्या घराला अनुदान मिळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळेच परत. टेकडीवर."

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. खालच्या बोळाच्या टोकाला, घरांच्या छपरांवरून ती टेकडी दिसायची आणि टेकडीवरची वेड्यांच्या इस्पितळाची ती लांबच लांब इमारत. तिच्या बहुतेक खिडक्यांना आता फळ्या ठोकल्या होत्या. फक्त एका टोकाचा भाग अजून चालू होता. त्या टोकाच्या चिमणीतून निघणारा धूर काकूंना अगदी ओळखीचा होता. ती चूल त्यांनीच आयुष्यभर पेटवली होती.

सरकारने ठरवलं होतं की एवढ्या मोठ्या इमारतीवर जो पैसा जातो तो हळूहळू तिथून काढायचा आणि गल्लीबोळांतल्या अशा लहान लहान घरांना द्यायचा. ज्यांना जन्मभर भिंतीआड ठेवलं त्यांना चारचौघांसारखं राहू द्यायचं. घराला साधं दार, दाराला आतून कडी, चार-पाच माणसं, देखभालीला एक ताई आणि स्वयंपाकाला एक बाई. टेकडीवरच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना विचारलं गेलं, कोण येतं? काकूंनी हात वर केला. घरी सूनबाई म्हणाली, "सुटलात एकदाच्या त्या राक्षसी पातेल्यांतून." काकूंचे यजमान होते तेव्हा म्हणायचे, "अख्ख्या गावाचा स्वयंपाक करतेस आणि घरी दोघांच्या भाजीत मीठ विसरतेस." ते खरंच होतं. थोडक्यांसाठी शिजवायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी या घरात त्यांनी एवढा भात केला की आजीने विचारलं, "काय गं, वरात येणार आहे?"

पण काकूंनी हात वर केला होता तो पातेल्यांना कंटाळून नव्हे.

टेकडीवरच्या स्वयंपाकघरात जेवण वाढायची एक खिडकी होती. कोण्या जुन्या साहेबाने ती मुद्दाम बुटकी बांधून घेतली होती, आत कुणी डोकावू नये आणि आतल्यांशी कुणी हुज्जत घालू नये म्हणून. आतून वाढणाऱ्याला बाहेरच्याचं ताट दिसे आणि मनगटापर्यंतचे हात. बस. चेहरा नाही, खांदा नाही, आवाजही फारसा नाही. काकू एक डाव भात, एक डाव डाळ, थोडी भाजी वाढायच्या आणि म्हणायच्या, "पुढे!" ताट सरकायचं आणि दुसरं यायचं. त्या रांगेतल्या कुणाशीही त्या दुसरा एक शब्द बोलल्या नव्हत्या. आपण शिजवलेलं कुणाला खाताना त्यांनी पाहिलंही नव्हतं. जेवणाची खोली भिंतीच्या पलीकडे होती.

पण हात मात्र त्यांना पाठ होते. एक हात सदा शाईने माखलेला. एका हाताची नखं मुळापर्यंत खाल्लेली. एका माणसाचे दोन्ही अंगठे आत दुमडलेले असत आणि तो ताट नुसत्या बोटांवर तोलून धरी, जणू त्याला स्पर्श झाला तर कुणी रागावेल. आणि त्याच्या आधी नेहमी यायचे ते दोऱ्याचे हात. बाईचे, सावळे, बारीक. घोंगडीच्या काठाचा दोरा उसवून तो तिने प्रत्येक बोटाला गुंडाळलेला असे, अंगठ्या घातल्यासारखा. वाढून झालं की ती ताट कठड्यावर दोनदा आपटायची. टक टक. म्हणजे अजून थोडं वाढ. मेट्रन जवळ नसली तर काकू डाव हलवून थोडं जास्त पाडायच्या. मेट्रन असली तर म्हणायच्या, "पुढे!"

या घरात येताना काकूंची एकच इच्छा होती. त्या पाचांत ते दोऱ्याचे हात असावेत. एकदा चेहरा बघावा. हवं तेवढं वाढावं.

घर पाचांचं ठरलं होतं. आली मात्र चौघंच. काकूंनी पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात निरखले. शाईचे हात रेडिओचे निघाले आणि खाल्लेली नखं छोटीची. आजीचे हात त्यांना ओळखता आले नाहीत. ती म्हणाली, "मी रांगेत कशाला उभी राहीन? माझं दुखणं कायमचं. मला पलंगावर ताट यायचं." पाहुण्याचे हात सदऱ्याखालून बाहेरच निघाले नाहीत. पाचवा पलंग आतल्या खोलीत मांडलेला होता, वर नवी चादर होती. "एक जण येणार नाही असं वरून कळवलंय," ताई म्हणाली. ती नवीनच नोकरीला लागली होती. तिला त्यापुढचं माहीत नव्हतं. काकूंनीही खोदून विचारलं नाही. न विचारलेलं बरं, असं त्यांच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं.

पण दुपारी भांडी घासताना त्यांना पाठीमागे रांग सरकल्यासारखे अनवाणी पाय घासल्याचे आवाज यायचे. वळून बघावं तर रिकामी खोली. कधी ओट्यावर कुठेतरी वाजायचं, टक टक. नळ गळत असेल म्हणून त्या नळ घट्ट पिळायच्या. नळ कोरडा असायचा.

*

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिंप्याने हाक मारली. या घराच्या आणि त्याच्या दुकानाच्या मध्ये एक अरुंद बोळ होता. स्वयंपाकघराची खिडकी त्या बोळात उघडायची आणि त्याचं शिवणयंत्र समोरच.

"ओ बाई! तुमच्या खिडकीखाली रोज एक भिकारी उभा राहतो. बोलत नाही, हलत नाही. माझी गिऱ्हाइकं बिचकतात."

"आमच्याकडे कुठला भिकारी?"

"आहे ना. आत्तासुद्धा उभा आहे बघा. तुम्ही आत पाठ करून उभ्या असता, तुम्हाला कसा दिसणार?"

काकू वळल्या. खिडकीच्या कठड्यावर दोन हात होते. चेहरा नाही. माणूस खाली वाकून उभा असावा. कठड्याच्या वर फक्त मनगटापर्यंतचे हात आणि त्यांवर तोललेलं एक रिकामं ताट. अंगठे आत दुमडलेले.

काकूंच्या हातातलं झाकण खाली पडलं. एवढे दिवस ज्याला भरवायला सगळे धडपडत होते तो पाहुणा त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. तो टेबलाशी बसत नव्हता, कारण टेबल त्याला माहीत नव्हतं. त्याला खिडकी माहीत होती. घराभोवती हिंडून त्याने ती शोधून काढली होती आणि रोज तिथे येऊन उभा राहत होता. काकूंनी मात्र तिच्याकडे पाठ केलेली.

"अरे बाबा," त्या पुटपुटल्या, "तू होय!"

त्यांनी घाईघाईने डाव उचलला, भात वाढला, डाळ वाढली. हात हलले नाहीत. ताट तसंच तोललेलं राहिलं. काकू थांबल्या. ताट भरलं की हात मागे जायचे, हे त्यांना माहीत होतं. आज ते जागचे हलत नव्हते. बराच वेळ गेला. मग हातांनी भरलेलं ताट अलगद कठड्यावर ठेवलं आणि ते दिसेनासे झाले. अन्नाला हात लागला नव्हता.

तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की तो खिडकीच्या मधोमध उभा नव्हता. एका कडेला, पार भिंतीला चिकटून उभा होता. मधली जागा मोकळी होती. एका माणसापुरती.

त्या हात पुसत आतल्या खोलीत गेल्या. आजी पलंगावर पाय पसरून बसली होती.

"आजी, तो पाहुणा. त्याच्यापुढे रांगेत कोण असायचं?"

"मी सांगितलं ना, मी रांगेत नव्हते."

"पण तुम्हाला सगळं ठाऊक असतं."

"ते खरं," आजी खूश होऊन म्हणाली. मग तिचा आवाज जरा उतरला. "दोरेवाली असायची. बोटांना दोरे गुंडाळायची ती. हा तिच्या मागे. जेवायला मागे, अंघोळीला मागे, उन्हात बसायला मागे. बोलायची नाहीत एकमेकांशी. पण ती थांबली की हा थांबायचा."

"ती कुठे आहे?"

आजीने पाचव्या पलंगाकडे बोट केलं. नवी चादर अजून तशीच होती, घडीच्या खुणांसकट.

"तिचाच तो. इथे यायच्या आदल्या दिवशी गेली. माझ्या शेजारच्याच खाटेवर. सकाळी पडदा लावला आणि दुपारी खाट रिकामी. आम्हाला काही सांगतात होय? मी डोळे मिटून पडले होते म्हणून मला कळलं. याला कुणी सांगितलं असेल?"

काकू त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि चटकन उठून उभ्या राहिल्या.

आता त्यांना सगळं उमगलं. टेकडीवरच्या रांगेचा एक नियम होता. प्रत्येकाची पाळी ठरलेली आणि पाळी मोडायची नाही. पुढचा माणूस अंघोळीला अडकला असला तरी मागच्यांनी थांबायचं. मोडली तर त्या दिवशी जेवण नाही. कुणी आजारी पडून खाटेला लागला तर मेट्रन खिडकीच्या कठड्यावर त्याच्या नावाचं ताट उपडं ठेवून जायची. उपडं ताट म्हणजे याची पाळी आज नाही, मागच्याने सरकावं. एवढीच खूण. दोरेवालीचं ताट कुणी उपडं ठेवलंच नव्हतं. ती गेली त्या दिवशी सामानाची बांधाबांध चालली होती. दुसऱ्या दिवशी सगळे गाडीत बसून इथे आले. म्हणून तो थांबला होता. तिचं वाढून झालं नव्हतं. त्याची पाळी आलीच नव्हती.

*

संध्याकाळी काकूंनी दोन ताटं घेतली. कडेला ते हात आले तेव्हा त्यांनी आधी मधल्या मोकळ्या जागी एक ताट ठेवलं. त्यात भात वाढला, डाळ वाढली. क्षणभर थांबल्या आणि कुणी आपटल्याची वाट न बघता आणखी एक डाव भात वाढला. मग कडेच्या ताटात वाढलं.

हात मागे गेले. काकू खिडकीतून वाकल्या. बोळातल्या पायरीवर तो बसला होता आणि जेवत होता. घाईने नाही. आधी भाताच्या कडेकडेने, मग मधला. शेवटी बोटाने ताट पुसून. समोर शिंप्याने यंत्र थांबवलं होतं. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातचं कुणाला असं पोटभर खाताना पाहिलं. एवढ्यात मध्ये ठेवलेल्या त्या दुसऱ्या ताटाकडे त्यांची नजर गेली. त्यातून अजून वाफ निघत होती.

ते ताट त्यांनी रात्रीच्या जेवणाला आपल्यापुढे ओढलं. अन्न टाकवेना. पण घास तोंडाशी नेताना समोर कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं. अर्ध्यावरच त्या उठल्या.

असे दिवस गेले. पाहुण्याच्या गालांवर रंग आला. तो सगळ्यांदेखत दारातून आत-बाहेर करायला लागला. शिंप्याच्या दुकानासमोरची चिंध्यांची टोपली सरळ करून ठेवायला लागला. शिंपी म्हणाला, "बाई, तुमचा भिकारी कामाचा निघाला." रेडिओने ती बातमी तीन खोल्यांत वाचून दाखवली.

आणि मॅडम आल्या. साध्या होत्या बिचाऱ्या. चपला दाराबाहेर काढून आल्या, आजीच्या पलंगावर बसल्या आणि आजीने त्यांना तासभर सोडलं नाही. जेवणाच्या वेळी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. दोन ताटं बघितली. ताईने त्यांना दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

"जेवतोय ना?" मॅडम म्हणाल्या. "वजन वाढतंय. बाहेर जातो, परत येतो. राहील तो इथे. मी तसंच लिहीन."

ताईने एवढा मोठा श्वास सोडला की तो काकूंनाही ऐकू आला.

"पण एक आहे," मॅडम म्हणाल्या. "तो पाचवा पलंग. टेकडीवर अजून पुष्कळ जण वाट बघताहेत. पुढच्या आठवड्यात एक बाई पाठवतेय. या घरात पाचजण जेवतील. मग हे सहावं ताट..." त्या थांबल्या. "ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यातलं कळत नाही."

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "त्याला काही सांगायचं नाही हं, काकू. कळलं आणि परत जेवण सोडलं तर? एवढं सगळं जमत आलंय. वाढू या रोज एक ताट जास्त. काय बिघडतं?"

"आणि नवी बाई आली, त्याच्या पुढे उभी राहिली, म्हणजे?"

ताईने खिडकीकडे बघितलं.

"आणि ताई," काकू म्हणाल्या, "तिची पाळी संपली हे कुणी तरी तिच्यासाठीही सांगायला हवं की. का तिने असंच उभं राहायचं?"

हे आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच नीटसं कळलं नाही. पण ओट्याकडे पाठ करायला त्यांना आताशा भीती वाटायची, एवढं खरं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी हात कडेला आले. काकूंनी मधल्या जागी ताट ठेवलं. रिकामं. डाव पातेल्यातच राहू दिला.

हात थांबले.

ताट उपडं करायचं होतं. नुसतं उचलून पालथं घालायचं. मेट्रन रोज करायची, बघता बघता, दुसऱ्याशी बोलता बोलता. काकूंनी ताटाची कड धरली आणि त्यांचा हात तिथेच अडकला. मग त्या खिडकीशी खाली बसल्या, अगदी कठड्याला कपाळ लागेल एवढ्या खाली. बोळातून आता त्याला त्यांचा चेहरा दिसला असता, पण तो बघत नव्हता. तो त्यांच्या हातांकडे बघत होता. तो तरी त्यांना दुसऱ्या कशावरून ओळखणार?

"ती गेली रे," काकू म्हणाल्या. "इथे यायच्या आदल्या दिवशी. आजीच्या शेजारच्या खाटेवर. तुला कुणी सांगितलं नाही. मलाही नाही सांगितलं. आज काही ती यायची नाही. उद्याही नाही."

समोरचं शिवणयंत्र केव्हाच थांबलं होतं. काकू थांबल्या. आता हात मागे जातील आणि परत येणार नाहीत, असं त्यांना वाटलं. टेकडीवरच्या चिमणीतून धूर निघत होता.

एक हात हलला. ताट कठड्यावर टेकवून तो हळूहळू मधल्या जागेकडे सरकला. दुमडलेला अंगठा उघडला. काकूंनी तो अंगठा कधीच पाहिला नव्हता. त्याच्या पेरावर दोऱ्याचा एक वेढा होता, मळून काळा झालेला. हाताने काकूंच्या बोटांतून ताटाची कड सोडवून घेतली. ताट उचललं. पालथं घातलं. इतकं सावकाश की कठड्यावर टेकताना त्याचा आवाज झाला नाही.

जन्मभर तोंडात बसलेला तो एकच शब्द काकूंच्या ओठांवर आला. तो म्हणावा लागला नाही. दोन्ही हात आपलं ताट घेऊन, कुणी न सांगता, एक पाऊल मध्ये आले.

काकूंनी वाढलं. तो पायरीवर बसून जेवला. त्या खिडकीतून हलल्या नाहीत.

जेवण संपलं आणि ताट परत कठड्यावर आलं. काकू ते उचलून घेणार, तोच हातांनी ते पुन्हा धरलं आणि दगडावर आपटलं. टक टक.

काकूंनी डाव भरला. काठोकाठ भरला. वाढताना थोडी शितं बाजूच्या उपड्या ताटाच्या पाठीवर सांडली. त्यांनी ती पुसली नाहीत. त्यानेही नाही.